दहा फेऱ्या

दर गुरुवारी उरवड्याच्या त्या कारखान्यात वीज नसायची. वरच्या मजल्यावर इंजिनिअर शैलेशचा कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर चालायचा.

सर्किट बनवण्याआधी पडद्यावरच तपासायच्या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या ट्रान्झिस्टरचं मॉडेल नव्हतं. मग सगळे करतात तेच त्यानं केलं. मिळत्याजुळत्या ट्रान्झिस्टरचं मॉडेल उचललं आणि आकडे बदलले. नव्या मॉडेलला नाव टाकायची वेळ आली तेव्हा त्याचं डोकं तापलेलंच होतं. सकाळी म्हातारा फिटर कुशाबा सगळ्यांदेखत कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाला होता, "सायेब, तुमचा डबा लई खोटं बोलतोय."

शैलेशनं दातओठ खात नाव टाकलं, कुशाबा. चाचणीच्या दहा फेऱ्या लावल्या, दर फेरीला शंभर व्होल्ट जास्त.

"जळ आता!"

पहिली फेरी संपली आणि खालून किंकाळी आली.

शैलेश जिना उतरून धावला. बंद यंत्राचे नट आवळणारा कुशाबा फरशीवर तडफडत होता. त्याच्या तळहाताला आरपार भोक पडलं होतं, त्यातून धूर निघत होता. बघता बघता त्याचं अंग पुन्हा ताणलं आणि दुसरा तळहात फुटला.

शैलेश वर पळाला. पडद्यावर तिसरी फेरी चालू होती, थांबता थांबेना. त्यानं बॅटरीच्या वायरीच उपटल्या. पडदा काळा झाला.

तो अर्ध्या जिन्यात असतानाच पुन्हा किंकाळी आली.

कुशाबानं जळक्या बोटांनी त्याची कॉलर धरून त्याला जवळ ओढलं.

"सायेब, चार झाल्या. अजून सहा हायेत न्हवं?"