पाठ झालेली आजी

शाळेच्या फाटकात न्यायला आलेल्या अनसाबाईंकडे नातीनं, रेवानं, परक्यासारखं पाहिलं. "मॅडम, या कोण?"

अनसाबाई भडकल्या. "अहो मॅडम, तुमच्या यंत्रानं हिचे पाढे पुसले, श्लोक पुसले. आता मलाही पुसलंत?"

"घोकलेलं काढलं की मुलांचं मन मोकळं राहतं, आजी. पण ही तुम्हाला दिवसभर हाका मारते ना, यंत्राला तेही पाठांतरच वाटलं."

"मोकळं म्हणे! चोरानं घर धुऊन नेलं, तरी तुम्ही मोकळं झालं म्हणाल."

त्या रेवापुढे उकिडव्या बसल्या. "मी तुझी अनसाआजी. म्हण बघू."

"अनसाआजी." रेवाला गंमत वाटली. "अनसाआजी, अनसाआजी, अनसा..."

अनसाबाईंनी घाबरून तिच्या तोंडावर हात दाबला.