बोटाचा कोन

"बॉल कुठे आहे?" डॉक्टर प्रताप गुर्जरांनी विचारलं. वेंडेल हात हलवत आला होता.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्यांच्या क्लिनिकची ही रीतच होती. बोटाचा चुरा झालेला सांधा जोडून टाकला की तो ज्या कोनात जोडला त्याच कोनात जन्मभर राहतो. म्हणून पेशंटनं आपल्या कामाची वस्तू बरोबर आणायची. मोटार कारखान्यातले कामगार पाने घेऊन येत. एका बाईंनी तर शिवणाचं मशीनच उचलून आणलं होतं. वस्तू हातात धरायला लावायची आणि पेन्सिलीनं बोटावर कोन आखायचा. एक्स-रे नंतर बघा, माणूस काय करतो ते आधी बघा, असं डॉक्टरांना मिरजेला त्यांच्या सरांनी शिकवलं होतं.

वेंडेल अमेरिकन फुटबॉल खेळायचा. त्याची जागा वाइड रिसीव्हरची. म्हणजे लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा आणि लगेच चार धटिंगणांना अंगावर घ्यायचं. गेल्या मोसमात त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा सांधा कामातून गेला होता. चेंडूच्या गोलाईइतकं वाकवून जोडलं, तर आणखी दोन-तीन मोसम आरामात निघाले असते. सरळ जोडलं तर चेंडू निसटणार आणि टीम त्याला घरी पाठवणार.

डॉक्टर आठवडाभर हवेत होते. "यार प्रताप, चौऱ्याऐंशीचा सगळा सीझन तुझ्या बोटावर चालणार!" असं तिथल्या मराठी मंडळाच्या पार्टीत त्यांच्या मित्रानं, गिरीशनं, सगळ्यांदेखत म्हटलं होतं, आणि डॉक्टरांनी "छे, छे" म्हणत ते मनापासून ऐकून घेतलं होतं. वेळेला असावा म्हणून त्यांनी स्वतःच एक कोरा चेंडू आणून टेबलावर ठेवला होता.

"माझी वस्तू गाडीत आहे. आणतो," वेंडेल म्हणाला.

तो परत आला तो एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरून.

"ही माझी आई. हिला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. बोट वाकडं राहिलं, तर माझे निम्मे शब्द बोबडे होतील. आणि हिच्याशी बोलणारा मी एकटाच आहे. सरळ जोडा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "अरे, पण तुझं करिअर?"

"पुष्कळ झेलले, डॉक्टर. मजा आली." आणि तो खरंच मजेत दिसत होता.

"आधी त्यांना तरी विचार." आई आपल्या बाजूनं बोलेल, अशी डॉक्टरांना आशा होती. त्यात थोडी लबाडी होती, पण आशा होती.

वेंडेलनं जमेल तसं हातांनी सांगितलं. म्हातारी बघत राहिली. मग तिचे हात असे भराभर चालू लागले की डॉक्टर खुर्ची मागे घेऊन बसले. तिनं टेबलावरचा चेंडू उचलून मुलाच्या छातीवर दाबला. त्याची बोटं एकेक करून चेंडूभोवती वळवली. मग स्वतःकडे बोट दाखवून तिनं हात झटकला. तिचे डोळे भरले होते.

डॉक्टरांना त्या भाषेतलं अक्षरही येत नव्हतं. पण सांगलीच्या घरी त्यांची आई आपल्या वाटची साय त्यांच्या ताटात सरकवायची आणि "मला नाही आवडत" म्हणून अगदी असाच हात झटकायची.

"काय म्हणाल्या?" त्यांनी विचारलं.

"सरळ जोडा म्हणते," वेंडेल म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर चुकवली नाही. तेव्हा त्यांनी चेंडू घेऊन खाली ठेवला, पेन्सिल उचलली आणि बोटाच्या मुळापासून नखापर्यंत एक सरळ रेघ ओढली.

रेघ पाहून म्हातारीनं मुलाच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली. मग तेच बोट मुठीत घेऊन बसून राहिली.

"शाळेत, बँकेत, हॉस्पिटलात, लहानपणापासून हिचं बोलणं मीच लोकांना सांगत आलोय, डॉक्टर," वेंडेल हसत म्हणाला. "आज पहिल्यांदाच खोटं सांगितलं."