दर्याकडची बाजू

रेगेसाहेबांनी हातोडा थांबवला, कानातली डॉक्टरी नळी सरळ केली आणि त्याच जागी पुन्हा एकदा ठोकले. आतापर्यंत भिंत देवळातल्या घंटेसारखी बोलत आली होती. इथे ती नुसती पुटपुटली.

"मेस्त्री, ऐकलंत?"

दाजी मेस्त्रीने ऐकले होते. सकाळपासून तो याच आवाजाच्या धाकात होता; तो साहेबांच्या कानी पडू नये म्हणून त्याने रवळनाथाला नारळही बोलला होता.

गोवा मोकळा झाला, रस्ता हवा झाला, आणि या खाडीवर पूल सुरू झाला. पात्रात मातीचे बेट घालून त्यावर ही पायविहीर उभी होती: काँक्रीटची गोल भिंत, आत पोकळ, माणसाच्या उंचीहून जरा उंच. आतली वाळू उपसत गेले की ती आपल्याच वजनाने खाली उतरे. मग वर नवा थर, पुन्हा उतरण, असे करत थेट कातळापर्यंत. एकदा गाळाखाली गेलेला थर पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडायचा नव्हता. म्हणून तो उतरण्याआधी साहेब ठोकून, ऐकून त्याची पारख करीत. खणखणीत आवाज म्हणजे भिंत भरीव. बद्द आवाज म्हणजे आत पोकळी, आणि मग थर फोडायचा.

साहेबांनी नदीकडच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, खडूने वर्तुळ काढले.

"तुमच्या हातचं काँक्रीट आणि पोकळ? आत फणस पुरलात की काय?"

दाजी हसला नाही. त्याने भिंतीच्या कडेने वाकून पाहिले. पलीकडे दर्याच्या बाजूला बाया खडीची घमेली वाहत होत्या. त्यांत त्याची बायको शेवंतीही होती. हा थर ओतला तेव्हाही त्या बाजूचे काँक्रीट बायांनीच टाकले होते. शेवंती कुणाशी बोलत नव्हती. त्यांचा पोरगा शंकर गेल्यापासून तिने त्याचे नाव एकदाही घेतले नव्हते. बाईचे काळीज कातळ झाले, असे दाजीला वाटे. म्हणून तर त्याने तिला काहीच सांगितले नव्हते.

"करटी आसा, साहेब," तो हलक्या आवाजात म्हणाला. "नारळाची. तोंडाक फडक्या बांधून मीच घातलंय. माझ्या झिलाची."

साहेबांनी हातोडा खाली ठेवला.

"एका नारळाच्या दोन करट्यो केलेल्यान, मधी जाळ्याचो दोरो. एक माझ्या कानाक, दुसरी घेवन तो काजीच्या झाडाखाली. थंयसून विचारी, 'बाबा, आयकाक येता?' मी म्हणी, येता रे, बरा येता." दाजी खाडीकडे वळला. समोर ओहोटीचे पाणी संथपणे निघाले होते, जणू त्याने कधी कुणाचे काही घेतलेच नाही. "हयच व्हडी उलाटली. खाडयेन कायच परत दिल्यान नाय. तेची करटी घरभर सोधलंय, गावली नाय. म्हणजे तेच्याच हातात होती. माझी माझ्याकडे रवली. म्हटलंय, ही विहीर खाली जातली, तो आसा थंय. तेका बापाशीक हाक मारूशी वाटली तर..."



रेगेसाहेबांनी खडूचे वर्तुळ वितीने मोजले. वर्तुळ ओंजळीएवढे होते, भिंत चांगली चार फूट जाड.

"बारीक भोक पाडून आत सिमेंटचं पाणी भरू," ते म्हणाले. "वस्तू जागची हलणार नाही, भिंतही भरीव होईल. पण मेस्त्री, एवढी एकच. आणखी कुठे बद्द वाजलं, तर कामच खोटं म्हणायचं. मग मला थर फोडावा लागेल. सगळा."

"आणखी नाय, साहेब. रवळनाथाची आण."

हातोडा पुढे निघाला. भिंत पुन्हा घंटेसारखी बोलू लागली. दाजी प्रत्येक ठोक्याबरोबर एक पाऊल सरकत होता, आणि प्रत्येक पावलागणिक त्याच्या छातीवरचा धोंडा हलका होत होता. काजीखालून कुणी हाक मारावी तसा एकेक नाद खाडीवर जाऊन विरत होता.

दर्याकडच्या बाजूला, पहिल्या वर्तुळाच्या बरोबर समोर, भिंत पुटपुटली.

साहेबांनी पुन्हा ठोकले. वर, खाली, बाजूला. मग खडूने वर्तुळ काढले. तेही ओंजळीएवढेच.

"तोच आवाज," ते म्हणाले. "तेवढाच आकार. मेस्त्री, ही कोणाची?"

दाजी एक पाऊल मागे सरला. "माका म्हायत नाय, साहेब. ही माझी न्हय. एकच होती माझ्याकडे."

"मग नाइलाज आहे." साहेबांनी मान फिरवली. त्यांचा स्वर कोरडा नव्हता. तो कोरडा असता तर दाजीला सोसला असता. "माणसं बोलवा. पहारी आणायला सांगा."

बायांची रांग थांबली होती. एक घमेले खाली ठेवल्याचा आवाज आला. शेवंती डोईवरची चुंबळ हातात घेऊन भिंतीपाशी आली. तिने ना साहेबांकडे पाहिले, ना नवऱ्याकडे. हात पदराला पुसून तिने खडूच्या वर्तुळावर तळवा ठेवला, निजलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा.

"फोडू नकात, साहेब," ती म्हणाली. "व्हडयेत चढताना तो आपली माझ्याकडे देवन गेलो. 'आये, भिजतली, तू ठेय' म्हणालो. ह्यांनी तेंची घातली ती बघलंय, तशीच ही मी समोर घातलंय."

मग तिने वर्तुळाला कान लावला आणि डोळे मिटले.

"तुमी जावा तुमच्या बाजूक," ती दाजीला म्हणाली. "बोला कायतरी."