गेटसमोरचा एक तास

काळी गाडी वजनकाट्यांच्या कारखान्यासमोर येऊन थांबली तेव्हा साडेदहा वाजले होते. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. खिशातली लाँड्रीची पावती टोचत होती, ती चुरगळून बाजूला टाकली आणि आरशात न बघताच तो म्हणाला, "आलो, साहेब. मोजा आता ट्रक."

मागून उत्तर आलं नाही. एकोणीस वर्षांत साहेबांनी त्याच्या बोलण्याला कधी उत्तर दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

साहेबांची पद्धत सगळ्या बाजाराला पाठ होती. एखाद्या कंपनीत पैसा घालायचा असला की ते तिच्या गेटसमोर गाडी लावायला सांगत. खाली उतरायचं नाही, काच उघडायची नाही. तासभर येणारे-जाणारे ट्रक मोजायचे आणि निघून जायचं. मग त्या कंपनीचा भाव असा चढायचा की विचारू नका. म्हणून तर दलालांची माणसं या गाडीच्या मागावर असत. आताही समोर सायकलच्या दुकानापाशी दोघं फोन कानाला लावून उभे राहिले. काळ्या काचेतून त्यांना टोपीची कडा तेवढी दिसत असणार. त्यांना तेवढी पुरे होती.

"एक बोलू का साहेब?" ड्रायव्हर म्हणाला. "राग आला तर येऊ दे. गेल्या महिन्यात तुम्ही इथले शेअर विकलेत. का, ते तुम्हालाच ठाऊक. तुम्ही विकले म्हणून बाकीच्या मेंढरांनी विकले. आता मालक म्हणतात, आज बारापर्यंत भाव सावरला नाही तर गेटला कुलूप. आत चारशे माणसं आहेत. माझी ताई आहे. तुम्ही एक कूस बदलायची आणि इथे चारशे चुली विझायच्या, हा कुठला न्याय?"

बोलून त्याला फार बरं वाटलं. एकोणीस वर्षं घशात अडकलेलं होतं ते.

गाडी ओळखून ताई गेटबाहेर आली. हातात पितळेचं वजन तसंच होतं.

"आत आहेत?" तिने विचारलं.

त्याने अंगठ्याने मागे खूण केली. "बोल काय ते. आज मध्येच तोडणार नाहीत."

ताई काळ्या काचेपाशी वाकली. "साहेब, मी तीस वर्षं काटे जुळवते. माझ्या हाताखालून गेलेला काटा कुणाच्या बापाला भीत नाही. तुम्ही आम्हाला एकदाही तोललं नाहीत आणि हलकं ठरवून मोकळे झालात. कुलूप लावायचं तर लावा. मी हात जोडायला आलेली नाही."

ती सरळ झाली.

"काच तरी खाली करायची," ती भावाला म्हणाली. "तोंड दाखवायची लाज वाटत असेल."

"मोजताहेत गं."

ताईचे डोळे भरून आले होते. तिला एक गोष्ट सांगून टाकावी, असं त्याला फार वाटलं. पण ताईच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तो लहानपणापासून जाणून होता.

अकराच्या सुमारास फोनवाले दोनाचे नऊ झाले. साडेअकराला गेटवरचा पहारेकरी धापा टाकत आला.

"ताई, भाव दीडपट झाला. मालकांनी कुलपासाठीची बाराची बैठकच रद्द केली."

ताई मटकन फुटपाथवर बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली.

पुढच्या सिग्नलला फोन वाजला. साहेबांच्या पत्नी होत्या.

"काय रे, लाँड्रीतून एक कोट आणायला दोन तास लागतात?"

"गर्दी होती, बाईसाहेब." त्याने मागे हात घालून हँगरला लटकणाऱ्या इस्त्रीच्या कोटावरची टोपी काढली आणि शेजारच्या सीटवर ठेवली. "साहेबांचा ताप कसा आहे?"

"ताप उतरलाय, पण अंथरुणात स्वस्थ पडतील तर शपथ. त्या काट्यांच्या कारखान्याचा भाव एकाएकी चढलाय. हे म्हणतात, कुणातरी बड्या माणसाला आतली बातमी लागलेली दिसते. आत्ताच ऑफिसला सांगितलं, विकले होते तेवढे सगळे परत घ्या."