चिमूट

रूपसिंगनं बायकोच्या झिंज्या धरल्या आणि तिला चुलीपासून अंगणापर्यंत फरफटत आणलं. "काय घातलं वं मटनात?" म्हणत कमरेत लाथ घातली. गेल्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, रश्श्यात चिमूटभर मीठ जास्त पडलं, तेव्हा त्यानं काठीनं तिचं मनगट मोडलं होतं. ते वाकडंच जुळलं, बोटांची चिमूट काही जुळेना. त्यानंतर काही महिन्यांनी हे सुरू झालं. मटण खाल्लं की त्याच्या अंगभर गांध्या उठत, घसा आवळून येई. जमना सूड उगवते आहे, यात त्याला तीळभर शंका नव्हती.

या खेपेला तो मरता मरता वाचला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्याचं रक्त एका काचपट्टीवर सोडलं. पट्टीवर शेकडो जातींच्या साखरांचे ठिपके होते. त्यातला एकच पेटल्यासारखा चमकला.

"तुमचं रक्त या साखरेवर तुटून पडतं," संशोधन करणाऱ्या निकिता मॅडम म्हणाल्या.

"मले शुगर नाही."

"ही मटणातली साखर. जनावरांच्या गोचिड्या माणसाला चावल्या, की कधी कधी रक्त तिला वैरी समजायला लागतं. विष कोणीच घातलं नाही."

रूपसिंगला पटेना. "जलम गोठ्यात गेला, मॅडम. मंग आताच काहून?"

 

"पहिले बैलायच्या गोचिड्या मीच रोज वेचत होती," जमना पदराखालचं वाकडं मनगट बाहेर काढत म्हणाली. "या हातानं."