बैठकांनंतरचा जिना

जिममध्ये पहिल्याच दिवशी साठ बैठका मारल्याने निवृत्त मुख्याध्यापक ओगलेसरांच्या मांड्या इतक्या भरून आल्या, की दुसऱ्या दिवशी ते कठडा धरून जिना पाठमोरे उतरले.

"हा कुठला व्यायाम, सर?" शेजारच्या पोतनीसबाईंनी विचारलं.

दुखतंय म्हणायची सरांना लाज वाटली. "कंबरेसाठी आहे. उत्तम असतो."

दोन दिवसांत अख्खी सोसायटी जिना पाठमोरी उतरू लागली. कुणी पडलं तर, या काळजीने सरांना जेवण गोड लागेना.

जिमवाल्याने दिलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी म्हणा की आपोआप म्हणा, चौथ्या दिवशी सरांचं दुखणं थांबलं. ते सरळ उतरू लागले, तर पाठमोऱ्या उतरणाऱ्या पोतनीसबाई नेमक्या समोरासमोर आल्या.

सरांनी धीर करून सांगून टाकलं, "बाई, मी खोटं बोललो. माझ्या मांड्या दुखत होत्या."

"आणि आता?"

"आता अजिबात नाही. पण ते गोळ्यांनी..."

बाईंनी पुढचं ऐकलंच नाही. वरच्या मजल्यांकडे तोंड होतंच, त्या तिथूनच ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? मांड्यांनाही गुण येतो!"