आठ वाजताचं वाक्य

बशीतल्या चहावर सेकंदाला चार लहरी उठत होत्या. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या निर्मलाताईंनी घड्याळ लावून त्या दोनदा मोजल्या. बशी कंपनीचा मालक हेरंब तासे याच्या डाव्या हातात होती.

"दोन चमचे साखर घातलीस ना? वहिनीला सांगू?"

"टिकली सांभाळते सगळं," हेरंब हसला.

रक्तातली साखर ताब्यात ठेवणारी ही टिकली त्याच्याच कंपनीची होती. कायद्याने मालकाने ती आधी स्वतःच्या दंडात बसवायची आणि रोज सकाळी आठला, ती वापरणाऱ्या सर्वांना, आपल्या आवाजात आपली तब्येत सांगायची. अकरा देशांतली चाळीस हजार माणसं त्याचं एवढं एक वाक्य ऐकत. जाहिरातींवर आता कुठेच कोणी विश्वास ठेवत नसे.

"हात कधीपासून थरथरतोय?"

"तीन आठवडे. वय झालं, ताई."

"बेचाळिसाव्या वर्षी? काल तपासणीत टिकली दोन तास बंद ठेवली, तेव्हा हात स्थिर होता."

"हे सांगितलं तर कंपनी बुडेल."

"चिलीतली एक बाई रात्री तुझं वाक्य ऐकते, मगच सकाळी टिकली लावलेल्या मुलीला शाळेत पाठवते."

आठ वाजले आणि माइकचा दिवा लागला. हेरंबने बशी खाली ठेवली.

"मी हेरंब तासे. आज मी ठीक नाही. माझा हात थरथरतो, आणि तो टिकलीमुळे थरथरतो. सगळ्या टिकल्या मी परत घेतो आहे. आजच डॉक्टरांकडे जा आणि काढून घ्या."